जोड, गदा आणि वजनकाटा : किल्लारी परिसरातील कुस्तीप्रेक्षक व हलक्या वजनाचा मल्ल

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास आजवर प्रामुख्याने गदेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणत्या मल्लाने मानाची गदा खांद्यावर घेतली, याची यादी म्हणजेच कुस्तीचा इतिहास असा समज दृढ झालेला दिसतो. ही यादी खोटी नाही. परंतु ती एका विशिष्ट देहयष्टीच्या मल्लांची यादी आहे. खुल्या गटातील अवजड मल्ल तिच्यात आहेत, पन्नास-साठ किलो वजनाचे मल्ल तिच्यात नाहीत. प्रत्यक्ष मैदानावर मात्र प्रेक्षकाची आवड या यादीबरहुकूम चालत नाही. जत्रेच्या फडात शेवटच्या मोठ्या कुस्तीची वाट पाहणारा प्रेक्षक घरी परतताना पुष्कळदा मधल्या एखाद्या चपळ पोराच्या कुस्तीविषयी बोलत असतो. हे प्रेम कशामुळे निर्माण होते आणि ते इतिहासात का उतरत नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या विचारासाठी किल्लारी व तिच्या भोवतालचा औसा-निलंगा परिसर मध्यवर्ती मानला आहे. हा परिसर कोल्हापूर-सांगलीप्रमाणे कुस्तीची पंढरी म्हणून ओळखला जात नाही. म्हणूनच तो अभ्यासास सोयीचा ठरतो. कारण येथे कुस्ती राजाश्रयावर नव्हे, तर प्रेक्षकाश्रयावर जगली.

परिसर आणि पूर्वपीठिका

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव जगाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी ठाऊक झाले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या त्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्यू पावली. त्यानंतर या गावाचा कोणताही इतिहास लिहिताना भूकंपापासूनच आरंभ करण्याची सवय लागली आहे. गावाला त्यापूर्वीचाही इतिहास आहे, याची आठवण तेथील नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर करून देते.

कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, किल्लारीपासून फार दूर नाही. त्याच राजवंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण आहे. राजाने मल्ल कसे पोसावेत, त्यांना काय खाऊ घालावे, त्यांच्याकडून सराव कसा करवून घ्यावा आणि त्यांची कुस्ती कशी पाहावी, याचे त्यात वर्णन येते. विशेष म्हणजे तेथे मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल असे वर्ग सांगितलेले आहेत. सर्व मल्ल एका मापाचे नसतात आणि कुस्ती पाहण्याचा आनंद समान वर्गातील मल्लांच्या झुंजीत आहे, ही जाण या भूभागातील दरबारी संस्कृतीला आठ-नऊशे वर्षांपूर्वीपासून होती असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात दरबाराच्या त्या मल्लविनोदापासून आजच्या जत्रेच्या फडापर्यंत सरळ रेषा ओढणे धाडसाचे होईल. मधला काळ मोठा आहे आणि त्यात राज्यकर्ते अनेकदा बदलले.

हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले. त्या काळात औसा-निलंग्याच्या मल्लाला असे एकही केंद्र जवळ नव्हते. उलट संस्थानात सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांवर निर्बंध होते. १९३८-३९ मधील आर्य समाजाच्या हैदराबाद सत्याग्रहात ज्या तक्रारी मांडल्या गेल्या, त्यांत आखाड्यांवरील निर्बंधांचाही समावेश होता. त्यामुळे मराठवाड्यात तालीम या शब्दाला केवळ व्यायामाचा अर्थ राहिला नाही. लाठीकाठी व जोर-बैठका यांच्या आडून तरुणांना एकत्र आणणारी ती जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिक संपले होते आणि त्यात सातारा जिल्ह्यातील एक तरुण मराठी मल्ल ५२ किलोच्या फ्लायवेट गटात सहावा आला होता. तेव्हा किल्लारी परिसरात रझाकारांचे दिवस चालू होते. एकाच भाषेच्या दोन प्रदेशांतील कुस्तीची ही दोन निराळी वये लक्षात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगणार नाही.

जत्रेचा फड आणि ‘जोड’

राजाश्रय नसलेल्या प्रदेशात मल्लाचा धनी म्हणजे जत्रा. ग्रामदैवताच्या यात्रेत पालखी, आतषबाजी वा तमाशा यांच्याबरोबर कुस्त्यांचा फड भरविला जातो आणि त्याचा खर्च गावच्या वर्गणीतून होतो. या अर्थाने जत्रेतील मल्ल हा व्यावसायिक मल्लच होय. तो इनामासाठी लढतो, हंगामात गावोगाव फिरतो, आणि त्याच्या नावावर माणसे जमतात की नाहीत यावर त्याचा बिदागीचा आकडा ठरतो. त्याला पगार नाही, करार नाही. दुखापत झाली तर ती त्याची त्यानेच निस्तरायची.

फडाची जागा तयार करण्यापासूनच या प्रदेशाची अडचण सुरू होते. तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातील काळी माती ज्वारीला उत्तम, पण आखाड्याला निरुपयोगी. भिजली की ती अंगाला चिकटते, वाळली की भेगाळते. हौदासाठी तांबडी माती आणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ करावी लागते. मग दुपारी हलगीचा कडकडाट सुरू होतो आणि पहिल्यांदा हौदात उतरतात ती लहान पोरे. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. त्यानंतर इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस कलताना शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती लागते. हा क्रम म्हणजे वजनाचाही चढता क्रम असतो.

परंतु या साऱ्या व्यवस्थेत वजनकाटा कोठेच नाही. आहे ती ‘जोड’. दोन इच्छुक मल्ल एकमेकांशेजारी उभे केले जातात, पंच व जाणते वस्ताद त्यांची उंची, मान, मांड्या, खांदे नजरेने तोलतात, आजूबाजूचे लोक ‘जोड जमत नाही’ किंवा ‘लागली जोड’ असा कौल देतात आणि मग हात मिळविले जातात. कुस्ती लावण्यापूर्वी प्रेक्षकाचे मत घेणारी ही रीत फार महत्त्वाची आहे. येथे समानता ही नियमपुस्तकातून येत नाही. ती शे-दोनशे डोळ्यांच्या साक्षीने ठरते. जोड चुकली तर प्रेक्षक मोठ्याने नापसंती व्यक्त करतो. अंगाने दुप्पट असलेल्या मल्लाने पोराला चीत केले तर त्याला टाळी मिळत नाही, मिळालीच तर ती हरलेल्या पोराला मिळते.

हलक्या मल्लाच्या लोकप्रियतेचे मूळ येथे सापडते. त्याचे आकर्षण लहानपणात नाही. लहान म्हणून कणव येते, प्रेम जडत नाही. दोन हलके मल्ल जोडीने उभे राहिले की वजनाचा प्रश्न मिटलेला असतो आणि उरतो तो फक्त डाव. जत्रेच्या कुस्तीला बहुधा गुण नसतात. पाठ मातीला लागली म्हणजेच निकाल. अवजड मल्लांच्या कुस्तीत यामुळे एक मोठा दोष उत्पन्न होतो. दोघेही मानेला मान लावून, हाताचे पंजे अडकवून, अर्धा-पाऊण तास खडाखडीत घालवतात. इनाम मोठे असल्याने कोणीच धोका पत्करत नाही. अंधार पडू लागतो आणि अखेर कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. गावाने वर्षभराची वर्गणी ज्या कुस्तीसाठी राखून ठेवलेली असते तीच अशी निकालाविना संपावी, हा जत्रेतील नेहमीचा अनुभव आहे आणि त्यावरील चडफड हीदेखील नेहमीचीच. हलक्या मल्लांच्या कुस्त्या मात्र निकाली होतात. पट काढला, सुटला, पाठीवर आला, सवारी धरली, खालच्याने उसळी मारून ती मोडली, पुन्हा दोघे उभे. पाहणाऱ्याला श्वास घेण्याची सवड नसते.

डाव दिसण्याचा प्रश्न

प्रेक्षकाला डाव कळतो काय, असा प्रश्न शहरी अभ्यासक विचारू शकेल. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायामज्ञानकोशा’त डावांची जी प्रचंड वर्गवारी आहे ती पाहिली म्हणजे हे शास्त्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे वाटते. पण ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, भारंदाज, धोबीपछाड, आतली टांग, बाहेरची टांग ही नावे ज्या भाषेत आहेत ती शेताची व अंगणाची भाषा आहे. मोळी बांधलेली ज्याने पाहिली आहे आणि दगडावर कपडा आपटलेला ज्याने पाहिला आहे, त्याला डावाची आकृती कळायला कोश लागत नाही. अडचण असते ती डाव ‘दिसण्याची’. सव्वाशे किलोच्या मल्लाचा डाव त्याच्या देहाआड लपतो; वजनाने काम केले की कौशल्याने, हे दुरून सांगता येत नाही. पंचावन्न किलोच्या मल्लाचा डाव उघडा असतो. त्याची सुरुवात, त्याचा तोल, त्याची फसगत, सारे कड्यावर बसलेल्या माणसालाही दिसते. पारदर्शक डाव हा हलक्या कुस्तीचा खरा अलंकार मानावा लागेल.

याचे सर्वमान्य उदाहरण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला कमरेवरून फिरवून टाकणारी त्यांची ढाक प्रसिद्ध होती. ढाक हा डाव हलक्या मल्लाला शोभतो. कारण त्यात क्षणभर स्वतःची पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावी लागते आणि तो क्षण चुकला तर सारेच संपते. १९४८ च्या लंडनवारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र त्यांना वर्गण्या गोळा कराव्या लागल्या आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या पदकासाठी घर गहाण टाकावे, ही घटना महाविद्यालयीन अध्यापकांच्या वर्तुळात अधिक वेळा सांगितली जावयास हवी.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले, जपानचे शोहाची इशिई व सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत आणि कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी २००८ पर्यंत थांबावे लागले. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे हे ६२ किलोच्या फेदरवेट गटात चौथे आले. पदक थोडक्यात हुकलेल्या या मल्लाचे नाव आज कुस्तीच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. गोळेश्वरला परतताना खाशाबांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. परंतु सरकारी दप्तरातील मान्यता बैलगाडीपेक्षाही सावकाश आली. पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या खाशाबांचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर सुमारे अर्धशतकाने.

गदा, पत्ते आणि मुखवटे

१९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली आणि १९६१ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे होऊन दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. कुस्तीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात या किताबाचा वाटा निर्विवाद आहे. तथापि तो खुल्या गटाचा किताब आहे. अलीकडच्या नियमांनुसार ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांनाच त्यात उतरता येते. म्हणजे ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या खाशाबांनाही आजच्या नियमात ही गदा मिळविण्याची संधीच मिळाली नसती. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खालचे वजनगटही खेळविले जातात, त्यांना पदकेही असतात. पण वृत्तपत्रांत त्यांच्या वाट्याला नावांची एक ओळ येते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर गदा असते. पुढे इतिहास लिहिणारा वृत्तपत्रांच्या फायली चाळतो आणि त्याला जे सापडते तेच तो लिहितो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ७४ किलो गटात लढणारे नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ही गदा जिंकली, हा या संदर्भातील लक्षणीय अपवाद. त्यांच्या त्या विजयांना मिळालेला उत्साह पाहता प्रेक्षकाला गदेचे वजनाशी असलेले नाते मुळीच पवित्र वाटत नाही, हे उघड होते.

हा केवळ मराठी प्रेक्षकाचा स्वभाव नव्हे. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या आपल्या निबंधसंग्रहात व्यावसायिक कुस्तीला क्रीडा न मानता दृश्य मानले आणि प्रेक्षक तेथे न्यायाचे दर्शन घ्यावयास येतो असे प्रतिपादन केले. नाट्यमय व ठरवून खेळल्या जाणाऱ्या त्या कुस्तीतही सिंहासन अवजडांचे राहिले आणि लोभ हलक्यांवर जडला. जपानमध्ये १९८१ पासून ‘टायगर मास्क’चा मुखवटा घालून उतरणाऱ्या सतोरू सायामा यांनी कनिष्ठ वजनगटाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. मेक्सिकन परंपरेत घडलेले रे मिस्टेरिओ यांना २००६ च्या रेसलमेनियात जागतिक हेवीवेट किताब देण्यात आला, तोही सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या मल्लाला. ‘देण्यात आला’ हा शब्दप्रयोग येथे हेतुपुरस्सर केला आहे. संहिता हाती असली की प्रेक्षकाच्या प्रेमाला किताबाचे रूप देता येते. लाल मातीत ती सोय नाही. दूरचित्रवाणीवरील याच मल्लांच्या पत्त्यांचा खेळ १९९० च्या दशकात मराठवाड्याच्या शाळाशाळांतून मुले खेळत असत. त्यात उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे छापलेले असत आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा पत्ता सर. चपळाईचा रकाना त्यात नव्हता! गदेची यादी आणि हे पत्ते यांच्यात तत्त्वतः फारसा फरक नाही.

खुराकाचे अर्थकारण

हलका मल्ल या प्रदेशात अधिक का घडला, याचा विचार प्रदेशाच्या अर्थकारणापासून सोडवून करता येणार नाही. जोसेफ ऑल्टर यांच्या ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) या बनारसच्या आखाड्यांवरील अभ्यासात दूध, तूप व बदाम यांवर उभी राहणारी मल्लाची काया सविस्तर वर्णिलेली आहे. अशी काया घडविण्यासाठी घरात दुभती जनावरे आणि जनावरांसाठी बारमाही चारा-पाणी हवे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ते आहे. औसा-निलंग्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे रब्बी ज्वारी आहे, उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई आहे आणि दर काही वर्षांनी दुष्काळ आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या दिशेने पाणी आले, त्याच दिशेला येथील होतकरू पोरे तालमीसाठी जात आली आहेत. शंभर किलोचा मल्ल पोसणे ही अशा घराला न झेपणारी चैन. पन्नास-पंचावन्न किलोचा मल्ल मात्र ज्वारीच्या भाकरीवर व घरच्या दुधावर उभा राहू शकतो. प्रेक्षकाला त्याच्यात आपल्या घरचा देह दिसतो, हेही त्याच्या आकर्षणाचे एक कारण मानणे सयुक्तिक ठरेल.

भूकंपाने या व्यवस्थेवर आणखी एक परिणाम केला. पुनर्वसनात ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. रुंद रस्त्यांची, आखीव चौकटीची नवी गावे वसली. मारुतीचे देऊळ आणि त्याला लागून तालीम ही महाराष्ट्रातील गावरचनेची जुनी रीत. शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत कार्यालय यांची यादी करता येते आणि ती बांधूनही देता येतात. तालीम मात्र शेजारामुळे जगते. पहाटे हाक मारून उठविणारा कोणीतरी दोन घरे पलीकडे असावा लागतो. गावे पांगली तेथे हे शेजारपण पुन्हा जमण्यास वेळ लागणे स्वाभाविक होते. भूकंपाच्या विपुल साहित्यात घरे, अनाथ मुले, शेती यांची नोंद आहे. या हानीची नोंद त्या मानाने अत्यल्प आहे.

बिराजदार ते आवारे

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ मध्ये लातूर येथेच भरलेल्या स्पर्धेत ‘महाराष्ट्र केसरी’ किताब जिंकला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. दिल्लीच्या सतपाल यांच्यावर त्यांनी मिळविलेला विजय आजही जुने प्रेक्षक सांगतात. बिराजदार हे हलक्या वजनाचे मल्ल नव्हेत आणि त्यांचे नाव गदेच्या यादीत मानाने आहे. परंतु त्यांचे मोठेपण त्या यादीत मावत नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी जे शिष्य घडविले, त्यांत हलक्या वजनाच्या मराठवाडी पोरांचे स्थान विशेष आहे. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिष्यांपैकी लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनी ग्रीको-रोमन प्रकारात हलक्या वजनगटात देशाचे प्रतिनिधित्व केले आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळविला. कमरेखाली हात लावण्यास मनाई असलेला हा प्रकार मातीतल्या पोराला उपरा वाटावा असा. पट काढता येत नाही, टांग मारता येत नाही. तरी त्यात प्रावीण्य मिळविणारा मल्ल या भागातून निघाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल उभारले.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे या परंपरेतील सर्वांत परिचित नाव. वडील बाळासाहेब आवारे यांच्याकडे पहिले धडे, नंतर बिराजदारांकडे आणि त्यांच्या पश्चात काका पवारांकडे, असा त्यांचा प्रवास आहे. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोच्या अंतिम लढतीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांना १५-७ असे हरविले. एकूण बावीस गुण नोंदविणारी ही लढत ‘निकाली’ कुस्तीची आवड असलेल्या जत्रेच्या प्रेक्षकालाही पसंत पडेल अशीच होती. २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ६१ किलोत कांस्यपदक मिळविले. पण ६१ किलो हा ऑलिंपिकचा वजनगट नाही. ५७ किलोत त्याच स्पर्धेत रविकुमार दहिया यांनी कांस्यपदकासह टोकियोचे स्थान निश्चित केले. जगात तिसरा आलेला मल्ल ऑलिंपिकच्या दारात उभाही राहू शकला नाही तो चार किलोंच्या अंतरामुळे. जत्रेतील जोड नजरेने ठरते आणि ती चुकूही शकते. वजनकाटा चुकत नाही, परंतु तो कोणाला दार उघडणार हे दुसऱ्याच कोणी ठरविलेले असते. २०२० मध्ये आवारे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ५७ किलोचा गट मात्र भारतीय कुस्तीला फलदायी ठरत राहिला : टोकियोत दहियांचे रौप्य, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत अमन सेहरावत यांचे कांस्य. बहात्तर वर्षांपूर्वी खाशाबांनी ज्या वजनात पदक आणले, तेच हे वजन.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘महाराष्ट्र केसरी’ची अंतिम लढत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे शिष्य; एकाच संकुलात रोज एकमेकांशी सराव करणारे. वस्तादांच्या स्वतःच्या वजनाला जी गदा कधीच खुली नव्हती, तिच्यासाठी त्यांचेच दोन पठ्ठे समोरासमोर उभे होते. सदगीर यांनी ३-२ अशा गुणांनी लढत जिंकली आणि गदा हाती येण्यापूर्वी त्यांनी हरलेल्या शेळके यांना खांद्यावर उचलून घेतले.